‘भारी’ आणि ‘फालतू’ : शौकिनांच्या मताचा एक छोटा इतिहास

चित्रपट संपला की प्रेक्षक जिना उतरता उतरताच निकाल देऊन मोकळा होतो. ‘भारी’, ‘फालतू’, ‘पैसा वसूल’, ‘टाइमपास’, ‘डोक्यावरून गेला’. व्हिडिओ गेम खेळणारी मुले तर तेवढाही दम धरत नाहीत. खेळ हातात असतानाच शेजाऱ्याला मत ऐकवतात. ही मते समीक्षेच्या हिशेबात धरायची आपल्याकडे पद्धत नाही. समीक्षक लिहितो ती समीक्षा आणि शौकीन बोलतो ती बडबड, अशी वाटणी ठरून गेली आहे.

ही वाटणी मला मान्य नाही, आणि त्याचे कारण शौकिनांविषयीचा जिव्हाळा हे नाही. शौकिनाचे मत बहुतेक वेळा घाईचे आणि ऐकीव असते, कधी कधी सरळ चुकीचेही असते. पण लोकप्रिय कलांच्या बाबतीत तेच मत पुढे इतिहास म्हणून उभे राहते. कोणता चित्रपट दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर येणार, कोणता खेळ जपला जाणार आणि कोणता कायमचा नाहीसा होणार, हे बऱ्याच अंशी या बडबडीतून ठरते. म्हणून ती कशी तयार होते, कशी बदलते आणि कुठे गोठते हे तपासले पाहिजे. त्यासाठी १९८२ हे वर्ष सोयीचे आहे.

एका उन्हाळ्यातले चार निकाल

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट ११ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि लहानथोर सर्वांनी तो डोक्यावर घेतला. दोनच आठवड्यांनी, २५ जून रोजी, एकाच दिवशी दोन चित्रपट आले : रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ आणि जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’. दोन्ही आपटले. परग्रहावरून आलेल्या गोंडस पाहुण्यावर माया करणाऱ्या प्रेक्षकाला माणसाच्या कातडीत शिरणारा पाहुणा नकोसा वाटला, आणि पावसात भिजलेले, उदास लॉस एंजेलिसही रुचले नाही. वर्षाच्या शेवटी ‘ई.टी.’वर आधारलेला व्हिडिओ गेम अटारी कंपनीने बाजारात आणला. तोही पुढे बदनाम झाला.

आज शौकिनांना विचारा. ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ ही त्यांची दैवते आहेत. ‘ई.टी.’ हा खेळ मात्र ‘आजवरचा सर्वांत वाईट गेम’ या बिरुदासह जिथल्या तिथे आहे. तीन निकाल सारखेच प्रतिकूल होते. दोन उलटले, एक पक्का झाला. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कलाकृतीच्या गुणांत उत्तर शोधणे सोपे आहे : ते दोन चित्रपट मुळात चांगले होते आणि तो खेळ मुळात वाईट होता. हे उत्तर पूर्ण खोटे नाही, पण अपुरे आहे. चांगल्या कृतीचाही निकाल आपोआप उलटत नाही. कुणीतरी ती पुन्हा पाहावी लागते.

त्याच प्रेक्षकाने बिघडवले, त्याच प्रेक्षकाने सुधारले

‘ब्लेड रनर’ची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. प्रदर्शनाआधी १९८२ च्या मार्च महिन्यात डेन्व्हर आणि डॅलस येथे निवडक प्रेक्षकांना तो दाखवण्यात आला. खेळ संपल्यावर प्रेक्षकांनी मते लिहून द्यायची, असा तिकडचा रिवाज. मते निराशाजनक आली : गोष्ट कळत नाही, शेवट उदास आहे. मग चित्रपटावर नायकाच्या आवाजातले निवेदन चढवण्यात आले आणि शेवटी हिरव्यागार डोंगरातून मोटार धावते असा सुखान्त जोडण्यात आला. म्हणजे जिन्यावरचे मत कागदावर उतरले आणि त्याने चित्रपट बदलला. बदललेला चित्रपटही चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढची काही वर्षे तो व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर जगला. कॅसेटमुळे एक मोठा फरक पडला, तो म्हणजे पुन्हा पाहण्याची सोय. ज्याला पहिल्या वेळी काही झेपले नाही तो मागे जाऊन तेच दृश्य पाहू लागला. १९९०-९१ च्या सुमारास लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोत या चित्रपटाची जुनी कच्ची प्रत दाखवली गेली. तिच्यात तो सुखान्त नव्हता आणि निवेदनही जवळजवळ नव्हतेच. शौकिनांनी गर्दी केली. त्या गर्दीकडे पाहून स्टुडिओने १९९२ साली ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ काढली आणि २००७ साली स्कॉट यांनी आपली अंतिम आवृत्ती सिद्ध केली. दरम्यान १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेशही झाला होता.

म्हणजे १९८२ साली सहज दिलेल्या मतांनी जो चित्रपट बिघडवला, तोच १९९० नंतर सहज दिलेल्या मतांनी दुरुस्त करून घेतला. दोन्ही वेळी बोलणारे सामान्य प्रेक्षकच होते. मधल्या काळात त्यांची अभिरुची उंचावली असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी मत एकाच पाहण्यावर उभे होते, दुसऱ्या वेळी अनेक पाहण्यांवर. मत देणारा कितपत जाणकार, यापेक्षा त्याला त्या कृतीकडे परत जाता आले की नाही, हे इथे महत्त्वाचे ठरले.

खड्ड्यात पडलेला खेळ

आता ‘ई.टी.’ या खेळाकडे वळू. तो एकट्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी रचला. त्यांचे ‘यार्स रिव्हेंज’ आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हे खेळ त्याआधी नावाजले गेले होते. चित्रपटाचे हक्क मिळवण्यात जुलै सरला आणि नाताळचा हंगाम गाठायचा तर १ सप्टेंबरला खेळ तयार हवा होता. ज्या कामाला एरवी कित्येक महिने लागत त्यासाठी वॉरशॉंना जेमतेम पाच आठवडे मिळाले. अटारी २६०० या यंत्राची स्मृती १२८ बाइट्सची, आणि ज्या चिपमध्ये अख्खा खेळ बसवायचा ती ८ किलोबाइटची. या लेखातली अक्षरेसुद्धा तेवढ्या जागेत मावणार नाहीत.

खेळ असा : ई.टी.ने टेलिफोनचे तीन तुकडे शोधायचे, घरी फोन करायचा आणि यान उतरेल त्या जागी वेळेत पोचायचे. तुकडे खड्ड्यांत लपलेले. अडचण अशी, की ई.टी.च्या चित्राचा अगदी कोपराही खड्ड्याच्या कडेला लागला तरी तो आत पडतो. वर तरंगत यावे, तर क्षणात पुन्हा आत. कॅसेटसोबतची पुस्तिका वाचणाऱ्याला यातून वाट काढता येई. न वाचणारे मूल दहा मिनिटांत वैतागे. वॉरशॉंनी पुढे स्वतःच सांगितले आहे, की खेळणाऱ्याची दिशाभूल होण्याचे प्रसंग त्यात फार आहेत. खेळात दोष होते, हे निर्विवाद.

पण शौकिनांचा निकाल एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या तोंडी जी कथा आहे ती अशी : हा खेळ इतका वाईट होता, की त्याने अटारी बुडवली, व्हिडिओ गेमचा सगळा धंदा बुडवला आणि शेवटी लाखो कॅसेटी वाळवंटात पुराव्या लागल्या. या कथेचे तीन भाग सुटे करून पाहावे लागतील.

पहिला भाग, अटारी बुडवल्याचा. अटारीची मालक कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्स हिने मिळकतीचा अंदाज एकदम खाली आणला तो १९८२ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तिचा शेअर सुमारे एक-तृतीयांशाने कोसळला. त्या वेळी ‘ई.टी.’ची कॅसेट दुकानांत नुकती पोचत होती. तिच्याविषयी मुलांचे मत बनायला, परतफेड मागितली जायला वेळ होता. म्हणजे घसरण आधीची आहे. तिची कारणे अनेक होती : त्याच वर्षी काढलेल्या ‘पॅकमन’च्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त कॅसेटी, बाहेरच्या कंपन्यांनी ओतलेले स्वस्त खेळ, दुकानांत साठलेला माल आणि कमोडोर ६४ सारखे स्वस्त होत चाललेले घरगुती संगणक. ‘ई.टी.’ने या संकटात भर घातली, यात शंका नाही. हक्कांसाठी दोन कोटी डॉलरांच्या वर रक्कम मोजल्याचे सांगितले जाते आणि खपल्या त्याहून कितीतरी अधिक कॅसेटी बनवल्या गेल्या. तरीही पंधरा लाखांच्या आसपास प्रती खपल्याच.

दुसरा भाग, सगळा धंदा बुडवल्याचा. बुडाला तो अमेरिकेतला धंदा. जुलै १९८३ मध्ये, म्हणजे ऐन पडझडीत, जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र विक्रीला काढले आणि ते तुफान चालले. ‘जगभरचा व्हिडिओ गेम बुडाला’ हे वाक्य ज्याने म्हटले त्याचे जग अमेरिकेपुरते होते.

तिसरा भाग, पुरल्याचा. सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा-डेपोत अटारीने ट्रक भरभरून माल गाडला, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आलेले आहे. २६ एप्रिल २०१४ रोजी झॅक पेन यांच्या माहितीपटासाठी ती जागा उकरण्यात आली. वॉरशॉ तिथे हजर होते. सुमारे तेराशे कॅसेटी बाहेर निघाल्या. त्यांत ‘ई.टी.’ निघाला, पण अल्पसंख्येने. बाकीच्या कॅसेटी इतर खेळांच्या होत्या, त्यांत ‘सेंटिपीड’सारखे आवडते खेळही. गाडला गेला होता तो गोदामातला सरमिसळ माल. एकट्या खेळाची ती कबर नव्हती.

तरी कथा टिकली. ती टिकण्याचे कारण माझ्या मते असे, की इथे कुणाला परत जाता आले नाही. अटारी २६०० अडगळीत गेले. पुढच्या पिढ्यांतल्या बहुतेकांनी हा खेळ खेळलेलाच नाही. त्यांनी त्याच्याविषयीचे मत तेवढे खेळवले. ‘ब्लेड रनर’ची कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्याने मिळत होती. ‘ई.टी.’चा खेळ मिळत नव्हता, मिळत होती ती त्याची बदनामी. मत अनुभवापासून तुटले की ते बदलू शकत नाही, कारण त्याला बदलणारे काही उरलेले नसते. ज्या थोड्या हौशी मंडळींनी खेळ पुन्हा उघडला, त्यांतल्या एकाने मूळ प्रोग्रॅममध्ये मोजक्या दुरुस्त्या करून खड्ड्यांचा जाच कमी करून दाखवला. त्या दुरुस्तीनंतर तो एक बरा, थोडा विचित्र शोधखेळ वाटतो. पण ही बातमी कथेइतकी चटकदार नाही.

समीक्षकाचेही जिन्यावरचे मत

असे घडते ते फक्त शौकिनांत, असे मानू नये. रॉजर ईबर्ट हे समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारे पहिले चित्रपट-समीक्षक. त्यांनी २००५ साली आणि पुन्हा एप्रिल २०१० मध्ये असे मत मांडले, की व्हिडिओ गेम ही कला होऊ शकत नाही. त्यांचा एक मुद्दा विचार करण्याजोगा होता : खेळ जिंकता येतो, त्याला नियम आणि गुण असतात, कलाकृती जिंकायची नसते, अनुभवायची असते. पण ज्या खेळांचे दाखले देऊन ते बोलत होते ते त्यांनी खेळले नव्हते, चित्रफितीत पाहिले होते. हजारो वाचकांनी त्यांना हेच ऐकवले. जुलै २०१० मध्ये ईबर्ट यांनी जाहीरपणे मान्य केले, की खेळांचा अनुभव नसताना आपण हे बोलायला नको होते. गंमत अशी, की १९९४ साली त्यांनीच ‘कॉस्मॉलॉजी ऑफ क्योटो’ या खेळाविषयी ‘वायर्ड’ मासिकात कौतुकाने लिहिले होते, आणि तो खेळ त्यांनी स्वतः खेळला होता.

एकाच माणसाची ही दोन मते शेजारी ठेवली की फरक दिसतो. एक हाताळून दिलेले, दुसरे लांबून दिलेले. पदवी, पारितोषिक, व्यासंग दोन्हीकडे तोच.

आपल्या भाषेतले निकाल

मराठी शौकीन वापरतो ते शब्द या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. ‘पैसा वसूल’ या शब्दात मोजमाप तिकिटाच्या किमतीचे आहे. चित्रपट थोर आहे असा दावा त्यात नाही, व्यवहार फसला नाही एवढेच म्हणणे आहे. ‘टाइमपास’मध्ये मोजमाप वेळेचे. ‘झेपला नाही’ हा शब्द मात्र वेगळा. त्यात उणेपणा चित्रपटाच्या माथी न मारता बोलणारा निम्मा स्वतःकडे घेतो. ओझे जड होते की उचलणारा कमी पडला, हे तो उघडे ठेवतो. ‘फालतू’ म्हणणारा दार लावून घेतो, ‘झेपला नाही’ म्हणणारा किलकिले ठेवतो. ‘द थिंग’ किंवा ‘ब्लेड रनर’विषयी १९८२ मध्ये खरे मत ‘झेपला नाही’ हेच होते.

खेळांच्या बाबतीत तर हा भेद आणखी नाजूक आहे. चित्रपटाचे तिकीट काढले की तीन तास मिळतात, प्रेक्षक कसाही असो. नव्वदीत गावोगावी निघालेल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक टोकन किती वेळ टिकेल हे खेळणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. दोन मिनिटांत ‘मेलेला’ मुलगा खेळाला ‘फालतू’ म्हणत बाहेर पडे, आणि त्याच टोकनवर अर्धा तास काढणाऱ्याला तोच खेळ ‘भारी’ वाटे. गेमविषयीच्या प्रत्येक मतात खेळणाऱ्याचे कौशल्य मिसळलेले असते, आणि ते वजा केल्याशिवाय मत वाचता येत नाही.

त्याच पार्लरमधला एक खेळ आपल्याकडे सर्वत्र ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाई. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ चा. मूळ आधार मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकी चित्रकथेचा. नायक चार, पण पोरांना आवडला तो पिवळ्या टोपीचा, सगळ्यांत चपळ मुस्तफा, आणि त्याच्याच नावाने अख्खा खेळ ओळखला जाऊ लागला. पडद्यावरचे इंग्रजी नाव कुणी वाचत बसले नाही. इथे मत इतके प्रबळ झाले, की त्याने कृतीचे नावच बदलले. आमच्याकडच्या पोरांनी त्या खेळाची जी समीक्षा केली ती या एका नावात साठलेली आहे, आणि ती कुठल्याही संदर्भग्रंथात नाही.

हिंदी चित्रपटातले ठळक उदाहरण ‘शोले’चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला तेव्हा परीक्षणे थंड होती आणि धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असे मानले होते. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे का, यावरही खल झाला. प्रेक्षक चित्रपटगृहात गप्प बसलेले दिसत, म्हणून त्यांना तो आवडला नाही असा अर्थ लावला गेला. ते गुंगलेले होते हे काही दिवसांनी कळले. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला आणि लोकांना संवाद इतके पाठ झाले, की गाण्यांप्रमाणे संवादांचीही रेकॉर्ड काढावी लागली. मत नेहमी शब्दांतच असते असे नाही. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्स मोअर’ हा एक शब्द पुरे होता, आणि ‘शोले’च्या पहिल्या आठवड्यात तर शांतताच मत होती. ती वाचणाऱ्यांना वाचता आली नाही.

बडबडीची किंमत

यात पणाला लागते ते काय? माझे उत्तर असे, की जपणूक. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. पार्लरमधली जुनी यंत्रे आजच्या संगणकावर चालती ठेवणारा ‘मेम’ हा प्रकल्प १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने हौस म्हणून सुरू केला. ‘मुस्तफा’ आज खेळता येतो तो मुख्यतः अशा हौशी मंडळींमुळे. ‘शोले’चा सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट धरून केलेली दुरुस्त प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या येथे दाखवली गेली, ती पन्नास वर्षांच्या लोकप्रेमाच्या जोरावर. उलट ‘आलम आरा’ची एकही प्रत आपल्याकडे उरली नाही. लोक ज्याविषयी बोलत राहतात ते वाचण्याची शक्यता वाढते. ज्याविषयी बोलणे थांबते, किंवा ज्याला एकाच शब्दात निकालात काढले जाते, त्याच्या वाट्याला अडगळ येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शौकिनांच्या मताला एवढे वजन दिले तर समीक्षेचे काय? मग बहुमत हीच कसोटी व्हायची. पण मी वजन बहुमताला देत नाही. ‘ई.टी.’च्या खेळाविषयी बहुमत चाळीस वर्षे एकमुखी आहे आणि बऱ्याच अंशी ऐकीव आहे. समीक्षेचे काम इथेच सुरू होते : सहज मतांमधून अनुभवाचे मत कोणते आणि नुसते पुढे सरकवलेले कोणते, हे निवडणे. त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरतात. बोलणाऱ्याने कृती स्वतः पाहिली किंवा खेळली आहे का? कोणती आवृत्ती, आणि कुठवर? आणि तो तिच्याकडे परत गेला आहे का? ‘ब्लेड रनर’विषयी १९८२ चे मत आणि १९९२ चे मत परस्परविरोधी वाटतात, आवृत्ती विचारली की दोन्ही आपापल्या जागी खरी ठरतात.

मराठीत या कामाला अजून हात लागलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपट, भित्तिपत्रके, पुस्तिका जमवल्या. त्यामुळे निर्मात्याची बाजू आपल्याला अभ्यासता येते. प्रेक्षकाची बाजू मात्र विखुरलेली आहे. तंबू सिनेमात पडद्याच्या उलट्या बाजूने बसून पाहणारे, व्हिडिओ पार्लरमध्ये कॅसेटी लावणारे, टोकन विकणारे, दुपारच्या खेळाला शिट्ट्या मारणारे लोक अजून आपल्यात आहेत. त्यांतले कित्येक साठी-सत्तरीच्या घरात आहेत. कोणत्या गावात कोणता चित्रपट कशामुळे उचलला गेला, कोणत्या प्रसंगाला नाणी उडत, कोणता खेळ पार्लरमधून आठवड्यात परत पाठवावा लागला, हे त्यांना आठवते. त्यांची मते गावासह, वर्षासह आणि कारणासह लिहून ठेवायला हवीत. ‘का आवडला?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘भारी होता’ म्हणून थांबतील. ‘किती वेळा पाहिलात आणि दुसऱ्यांदा का गेलात?’ असे विचारले तर ते बोलू लागतील.